तुम्ही विचारलंत म्हणून: 'प्लीज रिव्हर्ट' चूक का?

सोसायटीतली नोकरदार मुलं महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी मला दाखवून जातात, आणि वर्षातून दहादा तरी तोच प्रश्न येतो. "काकू, शेवटी 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलंय, चालेल ना?"

तो शब्द वाचला की माझ्या पोटात गोळाच येतो. मी नोकरीभर सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत होते. तिथे 'रिव्हर्ट' करणं म्हणजे तात्पुरती बढती मिळालेल्या माणसाला मूळ पदावर परत धाडणं. कुजबुजत सांगायची बातमी. एक आदेश मीच टाइप केला होता. हेडक्लार्कच्या खुर्चीतून एक गृहस्थ पुन्हा जुन्या टेबलावर येऊन बसले, आणि त्या दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही. शब्द मात्र अचूक वापरला होता. पूर्वस्थितीला जाणं, हाच त्याचा अर्थ. भाडेपट्टा संपला की जमीन मालकाकडे रिव्हर्ट होते, तेही बरोबर. 'उत्तर द्या' म्हणायला 'रिप्लाय' आहे की!

तरी हे कुठून आलं असेल ते मला कळतं. आपण 'उलटटपाली कळवा' लिहिणारी माणसं. उलटणं आणि उत्तर देणं आपल्याकडे शेजारीशेजारीच राहतात. काही शब्दकोशांनी भारतीय वापर म्हणून त्याची नोंदही घेतली आहे. मेल पुण्याहून बंगळुरूला जात असेल तर खुशाल लिहा. लंडनला जात असेल तर खोडा.

माझा खरा राग 'डाउट'वर. मराठीत शंका विचारताही येते आणि घेताही येते. इंग्रजी 'डाउट'ला फक्त घेणं येतं. आमच्या इमारतीतल्या एकानं परदेशी ग्राहकाला लिहिलं, तुमच्या आकड्यांबद्दल मला डाउट आहे. त्याला एवढंच विचारायचं होतं, की रक्कम करासकट आहे का कर सोडून. पलीकडून कागदपत्रं जोडलेलं थंडगार उत्तर आलं. 'क्वेश्चन' लिहिलं असतं तर एका ओळीत भागलं असतं.

'डिस्कस अबाउट'मधला 'अबाउट' म्हणजे आपलं 'विषयी'. काढून टाका, बास.

'प्रीपोन'ला मात्र मी हात लावत नाही. 'पोस्टपोन'ला जोडीदार हवा होता, तो आपण रुळवला, आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. परवा एकीनं मला घाबरून तो आधीच खोडून ठेवला होता. मीच पुन्हा लिहून दिला.