आर्चवर एक पान

आर्च लिनक्स ही संगणक चालवणारी एक प्रणाली; तिच्यावर न मागता काही मिळत नाही. उबुंटू या तिच्या सोप्या बहिणीवर प्रिंटरची वायर खोचली की कोपऱ्यात ‘प्रिंटर तयार आहे’ अशी चिठ्ठी झळकते. आर्चवर वायर खोचली की प्रिंटर आणि लॅपटॉप कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातल्या मुलामुलीसारखे गप्प बसून राहतात. पुढाकार कोणी घ्यायचा? अर्थात आपण.

आधी पॅकमनला, म्हणजे आर्चवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामला, सांगून कप्स हे छपाईचं सॉफ्टवेअर बसवायचं. बसवलं म्हणजे ते चालू झालं असं नव्हे. त्यासाठी सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची वेगळी मनधरणी. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच लॅपटॉप) आणि पुढे ६३१ हा पोर्ट टाकला की कप्सचं एक साधंसं पान उघडतं. मला ते पान आवडतं. चकचकाट नाही, जाहिरात नाही. मायकल स्वीट यांनी लिहिलेलं हे कप्स ॲपलने २००२ मध्ये मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये विकतच घेऊन टाकलं. म्हणजे ज्या मॅकवर सगळं ‘आपोआप’ छापलं जातं, त्याच्या पोटातही हेच आहे.

खरी गंमत ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटरची भाषा जाणणाऱ्या दुभाष्या प्रोग्रामची. गुटेनप्रिंट, फूमॅटिक असे ड्रायव्हरांचे संच, नाहीतर एयूआर या आर्च वापरणाऱ्यांच्या सामायिक कोठारात कोणा भल्या माणसाने ठेवलेलं पॅकेज; आपल्या मॉडेलचं नाव त्यात सापडेपर्यंत चहा गार होतो. माझा छोटा लेझर प्रिंटर तर स्मरणशक्तीच घेऊन आलेला नाही. बंद झाला की स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रामच, विसरतो, चालू केल्यावर लॅपटॉपने ते पुन्हा पाजावं लागतं. गुरुवारी वीज गेली की त्याची मुंज नव्याने. कारखान्यात एक चिप वाचवली, ती अशी आमच्याकडून वसूल होते.

सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचता-बदलता यावं म्हणणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही प्रिंटरच होता, हे अशा वेळी हमखास आठवतं. १९८०च्या सुमारास एमआयटीत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा एवढंच तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला हवं होतं, पण प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवलं. १९८३ मध्ये स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या रागात या प्रिंटरचा वाटा मोठा.

आता नवे प्रिंटर म्हणे ड्रायव्हरशिवाय चालतात. नेटवर्कवर स्वतःच ओळख सांगतात, फक्त आर्चवर ती ऐकू यावी म्हणून अवाही ही नेटवर्कवरची यंत्रं शोधणारी सेवा चालू करायची आणि नावं कुठे शोधायची हे ठरवणाऱ्या एनएसस्विचच्या फाइलमध्ये नेमक्या जागी भर घालायची. ‘ड्रायव्हरशिवाय’ याचा आर्चमधला अर्थ एवढाच. कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत जुन्या धाटणीचे ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलंय. माझा विसराळू तेव्हा काय करेल, बघू.

तूर्तास तो छापतो. वरच्या मजल्यावरच्या काकू परवा सातबारा काढून घेऊन गेल्या आणि लगेच जिना उतरून परत आल्या. “अगं, शेवटची ओळ कुठंय?”

ड्रायव्हरने कागद अमेरिकन ‘लेटर’ धरला होता. तो ए-४ पेक्षा १८ मिलिमीटर आखूड असतो.

“बसा काकू,” म्हटलं, “कप्स उघडते.”

“चहा नको गं, आत्ताच झालाय.”