लोलकाजवळची खुंटी

मी विज्ञान केंद्रात गाईड आहे, सुट्ट्यांच्या दिवसांत बाहेरगावहून शहर बघायला आलेली कुटुंबंच जास्त असतात, आणि त्यातल्या एका कुटुंबाचे दोन दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात.

आई, बाबा, नऊएक वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा भाऊ. बाबांच्या मोबाईलमध्ये यादी होती, सकाळी आम्ही, मग तारांगणाचा शो, मग मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय, आणि संध्याकाळी उंच टॉवरवरून शहर. सगळं एकाच दिवसात. अशा याद्या मी रोज बघते आणि दरवेळी मनापासून सांगते की मुलं बरोबर असतील तर दिवसाला दोनच जागा धरा, मोठी जागा सकाळीच उरका कारण तेव्हा मुलं ताजी असतात, मधे एखादी बाग ठेवा जिथे त्यांना नुसतं पळता येईल. आणि निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा, कारण गर्दीत मूल हरवलं तर शर्ट कुठल्या रंगाचा होता हे आईबापांना घाबरल्यावर खरंच आठवत नाही, मी पाहिलंय. त्यांनाही सांगितलं, पण तिकिटं आधीच काढली होती.

आमच्या मधल्या हॉलमध्ये फुकोचा लोलक आहे. उंच छतापासून तार, खाली जड गोळा, जमिनीवर गोलाकार उभ्या केलेल्या छोट्या खुंट्या. गोळा झुलत राहतो, खाली पृथ्वी फिरत असते म्हणून झोक्याची दिशा हळूहळू सरकते, आणि साधारण अर्ध्या तासाने एक खुंटी पडते. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1851 साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा लावून लोकांना हेच दाखवलं होतं, की पृथ्वी फिरते हे खोलीत बसूनसुद्धा दिसतं. बहुतेक लोक दोन मिनिटं बघतात, फोटो काढतात, पुढे जातात. ही मुलगी खालीच बसली. गोळा पुढच्या खुंटीच्या अगदी जवळ आला होता, प्रत्येक झोक्याला वाटायचं आता लागेल, आणि केसभर राहून जायचा.

बाबा म्हणाले, "अगं चल, शो चुकेल." ती म्हणाली, "ही पडू दे." तेच परत. बाबांचा आवाज चढला, आई मधे पडली, आणि या सगळ्यात धाकट्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं हे कबूल करते. तो रेलिंगच्या खालून सरकला आणि झोक्याच्या टोकाला आलेल्या गोळ्याला त्याने दोन्ही हातांनी ढकललं. टोकाला गोळा क्षणभर जवळजवळ थांबतो म्हणून त्याला लागलं नाही, पण सरळ झुलणारा गोळा लांबट गोल फिरायला लागला आणि तीन-चार खुंट्या एकदम आडव्या.

मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "ताई, आता ही खरी पडलेली नाही ना?" त्या "खरी" शब्दाने मला हलवलं. दिवसभर शेकडो मुलांना मी हा लोलक समजावते, पण हातानं पाडलेली खुंटी आणि पृथ्वीनं पाडलेली खुंटी यातला फरक कुणी असा विचारला नव्हता.

लोलक आम्ही उघडायच्या आधी सकाळीच सुरू करतो, गर्दीत नाही. पण मी टेक्निशियन काकांना बोलावलं आणि काका मुलीकडे बघून लगेच तयार झाले. त्यांनी गोळा थांबवला, खुंट्या परत उभ्या केल्या, गोळा बाजूला ओढून सुती दोऱ्याने रेलिंगला बांधला आणि आम्ही थांबलो. गोळा पूर्ण स्थिर व्हावा लागतो, त्याला पाचेक मिनिटं सहज लागतात, आणि तेवढ्यात आजूबाजूची वीस-पंचवीस मुलं जमली आणि आपोआप गप्प झाली.

"हातानेच सोडा ना," मुलगी म्हणाली.

काका म्हणाले, "हाताने सोडला तर माझा थोडासा धक्का आडवा जाणारच बाळा, कितीही जपलं तरी. मग तो माझ्या हाताचं ऐकेल, पृथ्वीचं नाही." आणि काडी पेटवून त्यांनी दोरा जाळला. फुकोनेही असाच जाळला होता. दोरा तुटला तसा गोळा आवाज न करता निघाला आणि सरळ रेषेत गेला, धाकटा आईच्या कडेवरून वाकून वाकून बघत होता.

शो तर चुकलाच. बाबा थोडा वेळ घड्याळ बघत उभे होते, मग तेही फरशीवर बसले, मी आधी म्हणाले तेच आता आईने त्यांना सांगितलं आणि यादीतलं प्राणिसंग्रहालय रद्द झालं. खुंटी पडायला वीस-बावीस मिनिटं लागली. मुलीने टाळी वाजवली नाही, वहीत वेळ लिहिली. जाताना काकांनी तिच्यासाठी फरशीवर खडूने सुरुवातीच्या दिशेची रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी चौघं बाहेर उभे. परतीचा प्रवास दुपारी होता आणि मुलीच्या हातात कंपासपेटीतला कोनमापक. काकांनी लोलक थांबवला नव्हता, वरचा इलेक्ट्रोमॅग्नेट, म्हणजे विजेवर चालणारा चुंबक, त्याला हवेमुळे मंदावू देत नाही, त्यामुळे रात्रभर दिशा सरकतच राहिली होती. तिने काकांच्या मदतीने रेघेपासूनचा कोन मोजला, तासांनी भागला आणि म्हणाली, हे तासाला 15 अंश नाहीत, पृथ्वी तर 24 तासांत पूर्ण फिरते. काका खूश झाले. म्हणाले, 15 अंश फक्त ध्रुवावर, विषुववृत्ताकडे जाशील तसं कमी कमी होतं आणि विषुववृत्तावर दिशा सरकतच नाही. मग दोघं पृथ्वीच्या गोलाशी जाऊन बसले ते अर्धा तास उठले नाहीत, बाबाही वाकून ऐकत होते.

धाकटा मात्र रेलिंगपाशीच होता, कुणी न सांगता दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मी जवळ गेले तर त्याने हळूच विचारलं, "आज दोरा नाही जाळणार?"