मांडीचं माप

मी शिंपी आहे. अमळनेरात गेली ३२ वर्षं पँटी शिवतोय. लोकांच्या मांडीचा घेर रोज मोजतो, पण माझा स्वतःचा घेर अडीच इंचांनी उतरला तेव्हा मी चक्क खूश झालो होतो.

डायबेटिस निघाला ५३व्या वर्षी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ८.६ टक्के आली. वडिलांनाही होताच. तेव्हा ज्यांना दाखवलं त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ‘वजन कमी करा’ एवढंच सांगितलं. मी ते फार मनावर घेतलं. भात बंद, डाळ दोन चमचे, रात्री अर्धी भाकरी. सात महिन्यांत ९ किलो उतरले. दुकानात येणारा जो तो म्हणे, “बारीक व्हई ग्या भो तू!” पण पोट होतं तसंच होतं आणि ती सरासरी साखर ८.१वर अडून बसली.

पुढे जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला. एकदा कापड बेतायला खाली बसलो तर भिंतीला हात टेकल्याशिवाय उठता येईना. मुलगा मला धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी ड्रॉवरमधून माझ्याच धंद्यातला टेप काढला आणि पोटरी मोजली. ३१.५ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांत ३४च्या खाली माप आलं की स्नायू तपासायला हवेत, म्हणाल्या. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा ऊठबस करायला लावली. चौथ्या खेपेला मांड्या लटपटल्या. १७ सेकंद लागले. १२च्या आत व्हायला हवं होतं.

“काका, चरबीबरोबर पायाचं मांसही गेलंय,” त्या म्हणाल्या. जेवल्यावर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या जोरावर उचलतात ती मुख्यतः स्नायू, आणि मांड्या-कुल्ल्यांचे स्नायू अंगातले सगळ्यांत मोठे. ते झिजले की साखर ठेवायला जागाच कमी पडते. उलट साखर चढी राहिली की स्नायू आणखी झिजतात. पण स्नायू कामाला लागला की इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढतो. हे ऐकून मला पहिल्यांदा धीर आला.

काम बसूनच का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा आठवलं, पंचवीस वर्षं मी पायाने मशीन चालवत होतो. सात वर्षांपूर्वी मोटर बसवली आणि पाय बसले. मोटरमुळे डायबेटिस झाला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं; पण होती ती हालचालही गेली.

व्यायामाआधी डोळ्यांचा पडदा, तळपायांची संवेदना आणि मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. मग सुरुवात खुर्चीवरूनच. खुर्ची बुटकी वाटे म्हणून खाली कापडाच्या दोन घड्या ठेवल्या. आठ वेळा उठायचं, दम घ्यायचा, परत आठ वेळा; आठवड्यातून तीन दिवस. काउंटर धरून टाचा उचलायच्या. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात बाहेर कुठे चालणार? घरातच पुढच्या दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखला, चार दिवस थांबलो. पाचव्यात एक घडी काढली, सातव्यात दुसरी.

स्नायूंना प्रथिनं मिळावीत म्हणून जेवणही बदललं. हिने कळण्याची भाकरी पुन्हा सुरू केली. तिच्यात उडीद असतोच. सोबत मठाची उसळ, दही आणि सकाळी दोन अंडी.

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी सुईत दोरा ओवता येईना. हात थरथरले, दरदरून घाम. बोटातलं रक्त घेऊन घरच्या ग्लुकोमीटरवर मोजली तर त्या क्षणाची साखर ६२. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यालो तेव्हा पंधरा मिनिटांत सावरलो. माझी एक गोळी साखर एकदम पाडणारी होती आणि आता पायही साखर ओढू लागले होते. डॉक्टरबाईंनी तिचा डोस निम्मा केला. गोळी चालू असताना व्यायाम वाढवणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं, मी विचारलं नव्हतं.

तीन महिन्यांनी सरासरी साखर ७.३, सहा महिन्यांनी ६.९. ऊठबस ११ सेकंदांत. वजन मात्र दोन किलोंनी वाढलं आणि आता कोणी बारीक म्हणत नाही. मांडीचा घेर एक इंच परत आलाय.

माळ्यावरची जुनी मशीन खाली काढून तिला नवा चामडी पट्टा बसवलाय. पँटीच्या मोहऱ्या आता मी तिच्यावरच दुमडतो.