नायिकेची दीड पानं

कोथरूडच्या दोन खोल्यांत बसून मी मराठी सिनेमांची इंग्रजी सबटायटल्स करते. एका ओळीत फार तर ४२ अक्षरं, मधल्या जागा धरून. एका वेळी २ ओळी. सेकंदाला १७ अक्षरांच्या वर गेलं की माणूस वाचतच बसतो आणि पडद्यावरचं निसटतं. या हिशेबात माझा दिवस जातो.

गेल्या उन्हाळ्यात एका मोठ्या बॅनरचा सिनेमा हातात होता. पोस्टरवर नायिका मधोमध. काम संपल्यावर चाळा म्हणून फक्त तिचे संवाद वेगळ्या फाइलमध्ये काढले, तर दीड पानात बाई संपली. त्याचंही एवढं काही वाटलं नाही, कमी बोलणारी माणसं असतात. पण निम्म्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह होतं. ‘जेवलास का?’ ‘कुठे होतास इतका वेळ?’ ‘चिडलायस माझ्यावर?’ ‘आता काय होणार?’ हिने बॉल टाकायचा, त्याने सिक्सर मारायची आणि टाळ्या घ्यायच्या.

माझी भाची शिकायला सांगलीहून आलीये, माझ्याकडेच राहते. मागे उभं राहून पोहे खात बघत होती. म्हणाली, “मावशी, पण ही करते काय?”

“आर्किटेक्ट आहे.”

“कधी?”

एका सीनमध्ये तिच्या हातात नकाशाची नळी होती. तेवढीच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघी ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ बघायला गेलो. त्याची दिग्दर्शिका पायल कपाडिया आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटची. त्याच वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री हे मोठं बक्षीस मिळालेलं, त्यामुळे सबटायटल्सकडे मी जरा खडूसपणेच बघत होते. मल्याळम, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा त्यात येतात. छाया कदमची पार्वती कोकणातली आहे हे तिने तोंड उघडल्यावर आपल्याला कळतं, इंग्रजी ओळीत ते कुठून उतरणार? पण मला धरून ठेवलं ते ओळच नसलेल्या जागेनं. प्रभा नर्स आहे, नवरा जर्मनीत, कित्येक दिवसांत फोन नाही. एक दिवस तिकडून नुसता राइस कुकर येतो. रात्री ती जमिनीवर बसून तो लालभडक कुकर मिठीत घेते. सबटायटल करणारीला तिथे काहीच काम नाही. त्या मिठीत ती कुणाला काही विचारत नव्हती.

शुची तलातीचा ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ घरीच पाहिला. मीरा, शाळेची हेड प्रीफेक्ट, शिस्तीची. एकटी असताना स्वतःच्याच हातावर चुंबनाचा सराव करते. भाचीने उशीत तोंड खुपसलं आणि खुदखुदत राहिली. मग बऱ्याच वेळाने उशीतूनच आवाज आला, “म्हणजे हे सगळ्याच करतात?” मी उत्तर दिलं नाही. चहा टाकायला उठले.

आता यावरून छोटे सिनेमे शहाणे आणि धंदेवाईक सिनेमे वेंधळे, असं काही मला म्हणायचं नाही. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली जिथे सुरू झाली ती जागा प्रभात फिल्म कंपनीची, आणि प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, हे लोकांनी तिकीट काढून पाहिलं. तो काही मोजक्यांसाठी काढलेला सिनेमा नव्हता. ‘दोघी’ तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, १९९५ चा, इथलाच. धंद्याला लावलेल्या गौरीनं मुंबईहून पाठवलेले पैसे घराला चालतात, गौरी चालत नाही. आईला ते दिवसरात्र माहीत असतं. इतकी वर्षं झाली, पण हप्त्याचा चेक आला की मला अजून तो सिनेमा आठवतो.

उलट हल्लीच्या छोट्या सिनेमांची एक खोड सांगते. खिडकी. मुलगी खिडकीत बसते, बाहेर पाऊस, चार मिनिटं ती बघते. मला मिनिटामागे पैसे मिळतात, माझी तक्रार नाही. पण बाई गप्प बसली की खोल झाली, असं कुणी ठरवलं? हे दीड पानाचंच दुसरं टोक. एका अशाच खिडकीवाल्याने माझे पैसे आठ महिने थकवले होते, तेव्हा माझं मत थोडं कडवट धरा.

सध्या माझ्याकडे एका मुलीचा पहिलाच सिनेमा आहे. मैत्रिणींकडून पैसे गोळा करून केलेला. नारायण पेठेतली एक खोली, त्यात एमपीएससी करणाऱ्या दोघी. मेस, अभ्यासिका, दोरीवर वाळणारे कपडे, आणि अखंड बडबड. मेसची भाजी, कटऑफ, घरून आलेलं स्थळ, केस गळणं. माझी बोटं दुखतात टाइप करून. त्यात अभ्यासिकेतला एक सीन आहे. समोरची पुस्तकातून डोकं न काढता कुजबुजते, “ए, माझं आलंय.” दुसरी तितक्याच सहज बॅगेची चेन उघडते. पुढे काही नाही.

“माझं आलंय.” काय आलंय, हे मराठीत कुणाला विचारावं लागत नाही. इंग्रजीत ‘आय हॅव गॉट माय पीरियड’ लिहिलं तर डॉक्टरांच्या खोलीतलं वाटतं, शिवाय त्या एका सेकंदात मावत नाही. ‘इट केम’ लिहिलं तर पार्सल. पहिल्या दिवशी मी पाच पर्याय लिहिले, पाचही खोडले. दिग्दर्शिकेला फोन केला, तर तिचं एकच म्हणणं, “ताई, काहीही करा, पण तिला लाजवू नका.”

भाचीला दाखवलं. तिने मागे-पुढे करून तीनदा पाहिलं.

“चेन उघडते ना ती? मग लिहायचं कशाला? नुसतं ‘ए’ लिही.”

मी नुसतं ‘ए’ लिहून पाठवलंय. दिग्दर्शिकेचं उत्तर अजून यायचंय.