घरशाळेचं वर्ष, पंचांगावर बेतलेलं

जून २०२५मध्ये आम्ही ठाण्यात घरशाळेचं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार असं आखलं आणि त्यात 'संस्कार' नावाचा एक तास टाकला. चूक तिथेच झाली. देवाधर्माचा तास ठेवला की मूल तोही भूगोलासारखा उरकतं. आषाढीनंतर तो तास खोडला आणि अख्खं वर्षच पंधरवड्यांत मांडलं.

मांडणी साधी: प्रतिपदा ते दशमी नवा धडा, एकादशीला पाठ्यपुस्तकं बंद, द्वादशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत उजळणी आणि राहिलेलं. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. पण तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते. त्यामुळे कधी एखादीचा क्षय होतो, कधी तीच दोन दिवस येते. महिन्याचा आराखडा शाईने लिहिलात तर फसाल. पंचांग शेजारी ठेवून एकेक पक्ष पेन्सिलीने भरायचा, आणि उजळणीचे दिवस मुद्दाम सैल ठेवायचे. एकादशी दोन दिवस दिली असेल तर वारकरी घरात भागवत एकादशी धरतात, हेही आधीच ठरवून ठेवावं. चित्रकलेचा बाहेरचा वर्ग मात्र वारावरच चालतो. तिथे तिथी आणू नये.

पुस्तकं बंद असलेल्या दिवशी गणित जास्त झालं, ते खाडीमुळे. आपल्याकडे कोळ्यांचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशीला ११ × ३/४, म्हणजे सव्वाआठ. चतुर्थीला तीन. पण हाच हिशोब पौर्णिमेला सव्वाअकरा देतो आणि मुंबईच्या किनाऱ्यावर भरती येते बाराच्या पुढेमागे. मुलांना ही फट स्वतः सापडू द्यावी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटंच. ३/४च्या जागी ४/५ धरलं की पौर्णिमेचे बरोबर बारा येतात. शिवाय खाडीच्या आत ऐरोली-ठाण्याकडे पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तो वेगळा मिळवायचा.

फ्लेमिंगो बघायला याचाच उपयोग. भरतीत चिखल बुडाला की थवे नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यावर येतात, ओहोटीला पुन्हा खाडीत. एकादशीचं पाणी उधाणाएवढं चढत नाही, चिखल पुरता बुडेलच असं नाही. तळ्याकाठी बसायचं तर पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दुपारी बऱ्या.

उपासाचं म्हणाल तर लहान मुलांना दिवसभर उपाशी ठेवून भागाकार घालू नये, दोन्हींची नावड लागते. सकाळची खिचडी मिळाली की पुरे.

हरिपाठाला परीक्षा लावणं ही दुसरी चूक होती. गुण दिले की चाल हरवते, नुसते शब्द धावतात. मग एका पक्षाला एकच अभंग घेतला: रोज संध्याकाळी टाळावर म्हणायचा, एकदा वहीत उतरवायचा, जुनी रूपं अधोरेखित करायची. 'देवाचिये'चं आज 'देवाच्या' झालंय, हे कळलं की विभक्ती वेगळी शिकवावी लागत नाही.

पुढच्या परीक्षेची चौकशी आत्ताच केलेली बरी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या माध्यमिक परीक्षेला १४ वर्षं पूर्ण लागतात. विषय किमान पाच, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. चैत्र-वैशाख आणि आश्विन-कार्तिकातले पक्ष तेव्हा हलकेच ठेवावे लागतील.

अभंगांचा हिशोब २४ पक्षांचा केला होता, आमच्या प्रतीत अभंग २७. पण मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून २०२६, आणि दोन पक्ष वाढले. उरला एक. तो आषाढ वद्य प्रतिपदेला सुरू करायचा.