पाच दिवसांचा टिल्लू

कुत्रं पाळायचं का हा विषय आमच्या घरात चार वर्षं चालू आहे, म्हणजे लेक सातवीत होती तेव्हापासून, आता ती अकरावीत आहे. एवढ्या वेळात एखाद्या पिल्लाचं बालपण उरकून ते चांगलं ढम्म झालं असतं. पण मी पडलो एक्सेलवाला माणूस. शीट केल्याशिवाय मी मिक्सरसुद्धा घेत नाही.

तर शीट तयार आहे. पिल्लू 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही, पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांच्या लशींचे डोस पुरे होईपर्यंत खाली जमिनीवर सोडायचं नाही कारण पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, तीन महिन्यांचं झालं की रेबीजचं इंजेक्शन, मग महापालिकेचा परवाना, शिवाय दर पावसाळ्यात गोचिडांचं बघायचं. हे सगळं जमण्यासारखं आहे. सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही हेही वाचून ठेवलंय, सेक्रेटरी साहेबांशी वेळ आली तर असावं म्हणून. माझं घोडं अडतं ते शेवटच्या ओळीवर. 12 वर्षं, रोज दोन वेळा खाली न्यायचं, म्हणजे 8,760 फेऱ्या. लेक म्हणते सकाळचं मी नेईन बाबा. ही मुलगी तीन अलार्म आणि आजीची एक हाक झाल्याशिवाय कॉलेजला उठत नाही, आणि दोन वर्षांनी बारावी झाली की ती कुठे असेल ते तिलाही माहीत नाही. म्हणजे कुत्रं नावाला तिचं. मी आज 49 चा, ते 12 चं होईल तेव्हा मी 61, माझे गुडघे 61 आणि त्याचेही गेलेले, तिसरा मजला, आणि आमची लिफ्ट दर महिन्याला एकदा आजारी पडते.

(कुठलं कुत्रं, हा वाद मात्र मिटलाय. आमच्या गल्लीत एक हस्की आहे, एप्रिल-मेमध्ये त्याच्यासाठी दिवसभर एसी चालू असतो आणि मालक स्वतः पंख्याखाली झोपतो. आपलं गावठी बरं, त्याला पुण्याचं ऊन नवीन नाही.)

यंदा गणपतीच्या आधी मामेभावाचा फोन आला. दादा, आम्ही गुहागरला चाललोय, टिल्लूला पाच दिवस ठेवशील का, सगळी बोर्डिंग फुल आहेत आणि ताम्हिणी घाटात तो ओकतो. टिल्लू म्हणजे 28 किलोचा गडी, आई गावठी, वडील लॅब्रॅडॉर असावेत असा अंदाज, निदान पोट तरी त्या घराण्याचं आहे. मी म्हटलं चला, फुकटात ट्रायल.

आईने विरोध केला. घरात गणपती बसणार आणि कुत्रं कसलं आणताय? लेक म्हणाली आजी, दत्ताच्या पायाशी चार चार कुत्री असतात. आई म्हणाली, दत्त औदुंबराखाली उभा असतो, टू बीएचकेत नाही. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, पण टिल्लू तोवर लिफ्टमध्ये चढला होता.

आमचा गणपती दीड दिवसाचा, टिल्लू मात्र पाच दिवसांचा. पहिल्याच संध्याकाळी आरती झाली आणि आईने खिरापतीचं ताट फिरवलं. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर आणि पाचवा ख म्हणजे खिसमिस, आम्ही बेदाणे म्हणतो. मूठभर खिरापत सांडली, टिल्लूने एका फटकाऱ्यात फरशी साफ केली, आई कौतुकाने म्हणते बघा कसा प्रसाद घेतला, आणि लेक ओरडली. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि किती खाल्ले तर चालतात याचा भरवशाचा आकडा नाही. मला हे माहीत होतं. शीटमध्ये होतं, कांदा, लसूण आणि चॉकलेटच्या खालच्या ओळीत. पण शीट लॅपटॉपमध्ये आणि टिल्लू फरशीवर.

मग पावसात रिक्षा. दोन रिक्षावाल्यांनी कुत्रं बघून नाही म्हटलं, तिसऱ्याने ‘चावतं का?’ विचारलं आणि घेतलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, त्यात खोबरं, खारीक, सहा बेदाणे आणि माझ्या मोज्याचा तुकडा निघाला, जो मोजा हरवल्याचं मला कळलंही नव्हतं. घरी येतोय तर आई देवासमोर बसलेली, चष्मा लावून ताटातल्या उरलेल्या खिरापतीतले बेदाणे वेगळे काढून मोजत होती. म्हणाली, मी घातले होते तीस, आता आठ सापडतायत, उरलेले कुणी खाल्ले ते आठवा. सगळे आठवायला लागलो. शेजारच्या काकूंनाही फोन करून विचारलं. किडनीच्या तपासण्या दोन दिवस चालल्या, नॉर्मल आल्या, पण तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे चिंच-गुळाची आमटीही झाली नाही. चिंचेतही तेच टार्टारिक आम्ल असतं ना, द्राक्षांच्या विषारीपणाचा संशय ज्याच्यावर आहे, हे मी जेवताना बोलून बसलो होतो.

बाकी फेऱ्यांचं म्हणाल तर सकाळी सहा-दहाला तो माझ्या बाजूला येऊन नुसता उभा राहायचा. भुंकणं नाही, काही नाही, श्वास तेवढा तोंडावर. खाली गेलो की एकच खांब चार मिनिटं हुंगायचा, आपण पेपरात छोट्या जाहिराती वाचतो तसा, आणि मी छत्री धरून उभा. पिशवीत हात घालून ते उचलायचं असतं आणि ते गरम असतं. हे कुठल्याच शीटमध्ये नव्हतं.

चौथ्या रात्री जवळच्या मंडळासमोर ढोल-ताशा सुरू झाला. ढोलाने खिडकीच्या काचा थरथरत होत्या, ते एक वेळ ठीक, पण ताशाची तर्री सुरू झाल्यावर टिल्लू उठला आणि बाथरूममध्ये जाऊन कमोडच्या मागे डोकं घालून बसला. 28 किलोचं धूड, शेपूट पोटाखाली, आणि बादलीला टेकल्यामुळे बादली पण कापत होती. मी बोलावलं, बिस्किट दाखवलं, उपयोग शून्य. शेवटी मी प्लास्टिकचं स्टूल आत घेतलं, दार लावून घेतलं, नळ बारीक सोडला म्हणजे दुसरा काहीतरी आवाज होईल, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बसलो. नुसता बसलो. मोबाइल बाहेर राहिला होता. सव्वा तास मी बाथरूममध्ये बसून होतो आणि मध्ये कधीतरी त्याने डोकं कमोडमागून काढून माझ्या पायावर ठेवलं, ओलं. दार उघडलं तेव्हा बायको म्हणाली, तुझ्या ऑफिसचे दोन फोन येऊन गेले. त्या वेळी ते महत्त्वाचेही वाटले नाहीत, जे माझ्या बाबतीत जरा काळजीचंच आहे.

पाचव्या दिवशी भाऊ आला, टिल्लू त्याच्या अंगावर उड्या मारत जिना उतरून गेला, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. सोफ्याखाली दुसऱ्या मोज्याचा अर्धा भाग सापडला. मी शीट उघडली, त्या 8,760 कडे बघत बसलो, बाथरूमसाठी कॉलम कुठे घालायचा कळेना, बंद केली.

परवा संकष्टीला आईने खिरापत केली. बेदाणे नव्हते. मी विचारलं तर म्हणाली, संपलेत. मी नंतर फडताळातला डबा उघडून बघितला, अर्धा भरलेला होता.