कडप्पा तसाच का ठेवला?

घरी आलेलं माणूस आमच्या स्वयंपाकघरात डोकावतं, "छान झालंय हो" म्हणतं, एखादी ट्रॉली ओढून बघतं. मग जरा वाकून आत पाहतं आणि विचारतं, "सगळं नवं केलंत, मग आतला कडप्पा तसाच कसा ठेवलात?" सुरात थोडी कीवही असते, की शेवटी पैसे कमी पडले असणार. पैसे कमी पडले नव्हते. कडप्पा मी मुद्दाम ठेवलाय आणि त्यासाठी बऱ्याच दुकानदारांशी हुज्जत घातलीय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आमची बिल्डिंग कोथरूडची, ऐंशीच्या दशकातली. तेव्हा ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या आणि मध्ये एक आडवी, असे खण करून द्यायची पद्धतच होती. पुढे कुणी दारं लावायचं, कुणी नुसता पडदा. आंध्रातल्या कडप्पा भागावरून नाव पडलेला हा काळा दगड म्हणजे चुनखडीचाच प्रकार. लिंबाचा रस सांडला तर पांढुरका डाग उठतो आणि रूप म्हणाल तर बेताचंच. पण वर्षानुवर्षं ओलीत राहून तो फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. ओट्याखालच्या वस्तूकडून माझी याहून जास्त अपेक्षा नाही.

कारण ओट्याखाली पाणी येतंच. सिंकखालच्या पाइपाचा जोड कधीतरी पाझरायला लागतो आणि आपल्याला ते महिन्याभराने कळतं, कारण समोर फिनाइलच्या बाटल्या आणि घडी करून कोंबलेल्या पिशव्या. ओटा धुतला की काठावरून ओघळ उतरतो तो थेट दाराच्या खालच्या कडेपाशी जाऊन थांबतो. शोरूममधल्या किचनला नळ असतो, नळाला पाणी नसतं. तिथे सगळंच टिकतं.

आता बोर्डांचं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा चिकट द्रव्यात घालून दाबलेला, एमडीएफमध्ये तेच पण बारीक तंतू. लॅमिनेट आणि कडपट्टी शाबूत आहे तोवर दोन्ही उत्तम दिसतात. कड एकदा उघडी पडली की पाणी आत शिरतं, बोर्ड फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. मग बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत आणि दार लोंबायला लागतं. एचडीएचएमआर नावाचा, ओल जास्त सोसणारा दाट बोर्ड हल्ली खूप चालतो, तो या दोघांपेक्षा नक्कीच दमदार आहे. पण सिंकखाली मी तोही घालणार नाही.

"वॉटरप्रूफ आहे मॅडम" असं कुणी म्हणालं की मी लॅमिनेट न लावलेला एक तुकडा मागायची, रात्रभर बादलीत बुडवून ठेवायला. एकाने हसत दिला. दुसरा म्हणाला, "असं कुणी करत नाही." ठीक आहे, मग त्याच्याकडून कुणी घेत नाही.

कडप्पा काढा, असं मॉड्युलर किचनवाले (तयार खोके आणून बसवणारे) का सांगतात, तेही समजून घ्यायला हवं. त्यांचे खोके कारखान्यात ठरावीक मापात कापून येतात आणि आपल्या जुन्या खणांची मापं असतात वाटेल ती. शिवाय दर चौरस फुटाचा, म्हणजे खोके वाढले की बिलही वाढलं. पण त्यांचा एक मुद्दा खराय: दगड जागा खातो आणि तो सरळ नसतो. आमच्या एका खणाची रुंदी पुढे साडेसतरा इंच, मागे जेमतेम सतरा. मिस्त्रीने पुढे-मागे, वर-खाली अशी चारही मापं घेतली आणि त्यातलं सगळ्यात लहान धरलं. टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच घेतो, म्हणजे ट्रॉली आणखी एक इंच कमी. दगडाला भोकं पाडून आधी प्लायच्या पट्ट्या बसवल्या, त्यांच्या मागे पातळ चिपा सारून तिरपेपणा काढला आणि मग चॅनल लावले. काम किचकट आहे. तयार मापाची ट्रॉली अशा खणात बसत नाही, करूनच घ्यावी लागते.

ट्रॉलीच्या स्टीलबाबत एक गंमत. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही, "बघा, ३०४ ग्रेड!" अहो, स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला सहसा चिकटत नाही. फरक निकेलचा. ३०४ मध्ये ते साधारण ८ टक्के असतं, २०२ मध्ये बरंच कमी, म्हणून २०२ लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली की समजून जा.

वरची कपाटं मात्र प्लायवूडची केली, १८ मिलिमीटरची. तिथे ओल नाही, त्यामुळे आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या वापराच्या भारतीय मानकाचा, बरा प्लाय पुरतो. सिंकपुढच्या दारांना आयएस ७१०, म्हणजे ओलीत टिकणारा मरीन प्लाय. हे आकडे शीटवर छापलेले असतात, आयएसआयच्या खुणेसकट. लॅमिनेट चिकटवण्याआधी स्वतः जाऊन बघा. एकदा लॅमिनेट चढलं की सगळे प्लाय सारखेच दिसतात.

रंगावर घरात सर्वात जास्त चर्चा झाली आणि त्यावर सांगण्यासारखं सर्वात कमी आहे. मॅट लॅमिनेट घेतलं, कारण ॲक्रिलिकच्या चकाकीवर बोटांचे ठसे उमटतात. रंगापेक्षा दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून बघा. समोरून दिसणाऱ्या कडांना पट्टी असते, खालच्या कडेला पुष्कळदा नसते आणि पाणी थांबतं नेमकं तिथेच.

माप ठरवायच्या आधी मी घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडली. मोदकपात्र, पाच लिटरचा कुकर, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, वर्षाच्या मसाल्याची बरणी. कॅटलॉगमध्ये ताटांची ट्रॉली असते, कपांची असते, पुरणयंत्राची नसते. कोपऱ्यातल्या खणासाठी फिरत्या जाळ्यांची महागडी यंत्रणा दाखवत होते. मी म्हटलं, मोदकपात्र भाद्रपदात निघतं, तेवढं वाकेन की. कोपऱ्याला नुसतं दार लावलं.

गॅस सिलिंडर खणात ठेवत असाल तर त्या दाराला खाली जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. पाइपातून येणारा गॅस उलट हलका, तो वर चढतो, तेव्हा तिथे वाट वर ठेवायची. दोन्हीकडे सारखंच बंद दार लावून मोकळे होणारे पुष्कळ आहेत.

आणि कडप्पा कधीच काढू नये असं नाही. वरच्या मजल्यावरच्यांना डिशवॉशर घ्यायचा होता, त्याला ६० सेंटिमीटर रुंदी लागते. त्यांनी मधली एक फरशी काढली, बरोबरच केलं. फक्त एक लक्षात ठेवा, ओट्याच्या ग्रॅनाइटचं वजन याच उभ्या फरश्यांवर असतं. तेव्हा फोडायला सुरुवात करण्यापूर्वी मिस्त्रीला विचारा, ओटा आता कशावर उभा राहणार? लोखंडी अँगल कुठे लावणार ते तो दाखवू लागला तर काम द्या. "होऊन जाईल हो ताई" म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा.